फोन जरा मोटरीजवळ धरा

आत्याच्या तोंडचं हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. दुकानात फोन वाजायचा, पलीकडून कुणीतरी घाईघाईत सांगत असायचं की मोटर उचलत नाही, नुसती घुमतेय, ऊस वाळायला लागलाय, लाईट जायच्या आत काहीतरी सांगा, आणि आत्या त्याचं सगळं ऐकून घेऊन म्हणायची, "होय की ओ, कळलं ते, खरं आता फोन जरा मोटरीजवळ धरा बघू." (आमच्या बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण', बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवते.) मग ती डोळे मिटायची, दुसऱ्या कानावर तळहात दाबायची आणि काउंटरवर उभं असलेलं गिऱ्हाईकसुद्धा आपोआप गप्प व्हायचं.

आमचं दुकान शेतीच्या मोटरींचं. पुढे काउंटर आणि स्पेअर पार्ट, मागे रिवाइंडिंगचं वर्कशॉप, वर गोडाऊन. गिऱ्हाईक खानापूर, हुक्केरी, संकेश्वर, बैलहोंगल इकडचं आणि हद्द ओलांडून चंदगड, गडहिंग्लजचंही. कुणाची मोटर मलप्रभेच्या काठाला, कुणाची मार्कंडेयच्या, कुणाची ताम्रपर्णीच्या. थ्री फेज ठरलेल्या तासांतच येते, बरेचदा रात्रीची, आणि त्या तेवढ्या तासांत मोटर चालली नाही की त्या दिवसाचं पाणी गेलंच. मोटर खोलायची, दोघातिघांनी उचलून टेम्पोत घालायची, भाडं भरून बेळगावला आणायची, आणि इथं आल्यावर कळायचं की मोटर ठणठणीत आहे, तिकडे डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीतला, एक फ्यूज उडालाय. हा फेरा वाचावा म्हणून आत्या फोनवर मोटर ऐकायची.

आणि तिला खरंच ऐकू यायचं. एक फेज गेली असेल तर मोटर फिरत नाही, जागेवरच एकसुरी जड घुमते. बेअरिंग गेलं असेल तर करकर आणि मधेच खडखड. पंपात हवा धरली असेल तर आवाज हलका, रिकाम्या डब्यासारखा. तो घुमणारा आवाज आला रे आला की ती ओरडायची, "आधी स्टार्टर बंद करा, मग बोला!" कारण मोटर तशीच दाबून धरली तर थोड्या वेळात कॉइल जळते. स्टार जोडणीची मोटर अशी जळली की उघडल्यावर दोन फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर आणि तिसऱ्या फेजच्या नव्या असल्यासारख्या चकचकीत, हे आमच्या वाइंडर मामांनी मला शाळेत असतानाच दाखवलं होतं. मामा मोटर उघडून जे बघायचे ते आत्या न उघडता सांगायची.

हे तिला कुणी शिकवलं नाही. तिनं एक रजिस्टर ठेवलं होतं, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याचं. तारीख, नाव, गाव, किती एचपी, विहीर की बोअर, बोअर असेल तर किती फूट, आणि शेवटी दोन रकाने: 'ऐकू आलं' आणि 'निघालं'. फोनवर जे ऐकलं ते पहिल्यात, आणि मोटर आलीच दुकानात तर उघडल्यावर जे निघालं ते दुसऱ्यात. पहिल्या वर्षांची पानं बघितली तर दोन्ही रकाने कितीतरी वेळा जुळत नाहीत. पुढे पुढे जुळायला लागतात. अशी अकरा रजिस्टरं आहेत. माझ्या मते आमच्या दुकानातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच, वाइंडिंगची मशीनं आज पैसे टाकले की येतील.

दुकानात फोन आला १९८९ ला, नाव नोंदवून बरीच वर्षं वाट बघितल्यावर. त्याआधी आप्पा पोस्टात जाऊन ट्रंक कॉल बुक करायचे, ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे दर असायचे, आणि नंबर लागेपर्यंत बाकावर बसून राहायचं. टेलिफोनच्या गोष्टीत आमच्या जिल्ह्याचं एक मानाचं पान आहे, ते इथल्याच पुष्कळांना माहीत नसतं म्हणून लिहिते. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था सुरू झाली, सॅम पित्रोदा त्यात पुढे होते, आणि त्यांनी खेड्यांसाठी १२८ पोर्टचं, म्हणजे तेवढ्या जोडण्यांचं, एक लहानसं एक्स्चेंज बनवलं, धूळ, उकाडा सोसणारं, एसीची खोली न मागणारं. त्यातलं पहिलं बसलं ते १९८६ मध्ये आमच्या कित्तूरला, राणी चन्नम्मांच्या कित्तूरला. पुढे खेड्याखेड्यांत फोन पोचले आणि त्यातल्याच कुठल्या कुठल्या फोनवरून आमच्याकडे मोटरींची गाऱ्हाणी यायला लागली. मोबाईल यायच्या आधी फोन मोटरीजवळ न्यायचा कसा, असं कुणी विचारेल. तेव्हा विहिरीजवळच्या घरात फोन असेल तर लांब वायर ओढून आणायचे, नाहीतर आत्या त्या माणसालाच तोंडाने तसा आवाज काढून दाखवायला सांगायची, आणि लोक काढायचेही, अगदी मनापासून.

आमचा नंबर आधी सहा आकडी होता, मग सगळ्यांसारखा त्याच्यापुढे २ लागला, पेंटरनं बोर्डावर कसाबसा जागा करून तो २ बसवला, तो अजून बाकीच्या आकड्यांपेक्षा बारीक आहे. एसटीडी कोडमध्ये आमची हद्द कशी स्वच्छ दिसते बघा: बेळगाव ०८३१, खानापूर ०८३३६, हुक्केरी ०८३३३, आणि शिनोळी ओलांडली की चंदगड ०२३२०, गडहिंग्लज ०२३२७. गोवा आमच्या शेजारचाच आकडा, ०८३२. आत्या रजिस्टरात तालुक्याचं नाव न लिहिता कोडच टाकायची. चंदगडकडचा माणूस आणि खानापूरचा माणूस, दोघांची राज्यं वेगळी, दोघांची मोटर एकाच कारणाने जळलेली आणि दोघं एकाच पानावर एकाखाली एक.

तर असा हा फोन बदलायची वेळ गेल्या वर्षी आली. हौस म्हणून नाही. तांब्याची लाईन थकली होती. रस्ता खोदला की केबल तुटायची, पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी गेलं की नुसती खरखर, आणि वळवाच्या एका विजेनं आमच्या जुन्या ईपीएबीएक्सचं, म्हणजे दुकानातले फोन एकमेकांना जोडणाऱ्या डब्याचं, कार्डच गेलं. दुरुस्तीवाल्याकडे ते कार्ड मिळेना. शिवाय लाईन एकच, आत्या एकाची मोटर ऐकत असली की दुसऱ्या चौघांना एंगेज. टेलिफोन कंपनीचा माणूस म्हणाला तांब्याचं आता काही खरं नाही, फायबर घ्या, नंबर तोच राहील. नंबर तोच राहील हे मी त्याच्याकडून तीन वेळा वदवून घेतलं, कारण मोबाईलचा नंबर कंपनी बदलून नेता येतो तसा लँडलाईनचा आपल्याकडे नेता येत नाही, आणि हा नंबर कित्येक शेतांतल्या पॅनेलच्या दारामागे खडूनं लिहिलेला आहे. तो गेला तर दुकान गेल्यातच जमा.

आता जे बसलंय ते थोडक्यात सांगते, कुणाला उपयोग होईल. फायबर कंपनीच्या डब्यात येते, त्या डब्यातून जुन्या नंबरची लाईन निघते ती गेटवे नावाच्या एका लहान यंत्रात जाते, तिथं आवाजाचे आकडे होतात, तिथून आमच्या स्वतःच्या छोट्या आयपी एक्स्चेंजमध्ये, आणि पुढे साध्या लॅनच्या वायरनं चार फोन: काउंटर, वर्कशॉप, गोडाऊन आणि आप्पांची खोली. जोडीला परवाना असलेल्या एका कंपनीकडून दोन चॅनेलची सिप लाईन, म्हणजे इंटरनेटवरून येणारी, एका वेळी दोन कॉल घेणारी लाईन, जुना नंबर एंगेज असला की कॉल तिकडं वळतो. इंटरनेट टेलिफोनीची वाट परवानाधारक कंपन्यांना सरकारनं २०१८ मध्ये मोकळी केली, त्यामुळे स्वस्त पडतं म्हणून कुठलंतरी अनोळखी काहीतरी जोडून घ्यायची आता काहीच गरज नाही. आणि एक बारीक सोय, मला फार आवडलेली: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी शून्य दाबावं लागतं, आत्या ते हटकून विसरायची आणि पुन्हा सगळे आकडे फिरवायची, आता एक्स्चेंजच तो शून्य स्वतः लावून घेतं.

पहिला आठवडा मात्र फार वाईट गेला.

मागे मामांनी दहा एचपीची मोटर टेस्टिंगला लावली की पुढे फोन कट. दर वेळी. दोन दिवस आम्हाला संबंधच कळेना आणि खरंतर आम्हालाच आधी कळायला हवा होता, कारण मोटर डायरेक्ट सुरू केली की त्या क्षणाला ती चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज खाली बसतं, आणि तेवढ्यानं फोनचे, स्विचचे छोटे ॲडॅप्टर दचकून पुन्हा पहिल्यापासून चालू व्हायचे. जुन्या फोनला हे कधीच होत नव्हतं कारण त्याची वीज आमची नव्हतीच, टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून ४८ व्होल्ट त्याच दोन तारांतून यायचे, म्हणून गावभर अंधार असला तरी लँडलाईन जिवंत असायची. ही गोष्ट नवीन फोन विकणारे सांगत नाहीत आणि घेणाऱ्याला सुचत नाही. आता वीज आपली आपण द्यायची. इन्व्हर्टर होता खरा, पण तो लाईनवरून बॅटरीवर जाताना जो निमिषभर घेतो तेवढ्यातसुद्धा काही यंत्रं बंद पडतात, म्हणून फायबरचा डबा, गेटवे, एक्स्चेंज, स्विच सगळं एका छोट्या ऑनलाईन, म्हणजे वीज बदलताना क्षणाचाही खंड न पाडणाऱ्या, यूपीएसवर घेतलं आणि त्या यूपीएसला इन्व्हर्टरची लाईन दिली. सगळं मिळून पन्नास वॅटच्या आसपास खातं. आता मामा कितीही मोठी मोटर लावू देत.

दुसरं, पलीकडच्यानं फोन ठेवला तरी आमची लाईन मोकळीच होईना. गिऱ्हाईक बोलून गेलेलं असायचं आणि गेटवे बिचारा कॉल धरून बसलेला. त्याला आपल्याकडचा एंगेज टोन ओळखता येत नव्हता, त्यात परदेशी टोनचं सेटिंग होतं. आपला टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. बसवायला आलेल्या पोरानं ते आकडे भरले आणि लाईन सुटायला लागली. त्यानंच मग आवाजाचा प्रतिध्वनीही काढला, इम्पिडन्स, म्हणजे लाईनचा आणि गेटवेचा विद्युत विरोध, जुळवून. वर्कशॉपच्या दारात उभं राहून ते ऐकणारे मामा म्हणाले, "म्हणजे कॉइल मॅच केली म्हण की." तेच.

हे सगळं मिटलं आणि मग आत्या म्हणाली, "मला मोटर ऐकू येईना."

सुरुवातीला मला वाटलं वयाचा परिणाम असेल, आणि असं वाटलं याचं मला आजही वाईट वाटतं. ती सांगत होती, "माणूस स्वच्छ ऐकू येतोय गं, पहिल्यापेक्षा छान, खरं मोटरीजवळ धरला की सगळं शांत. कुणीतरी तोंड दाबल्यागत." तीन दिवस तिनं रजिस्टरातला 'ऐकू आलं' रकाना कोरा ठेवला. इतक्या वर्षांत कोरा नव्हता. चौथ्या दिवशी मी रिसीव्हर स्वतः कानाला लावला, पलीकडे खानापूरकडचा एक ओळखीचा शेतकरी होता, त्याला म्हटलं धरा, आणि खरंच, एक क्षण घूं असं आलं आणि कुणी हात ठेवावा तसं विझलं. मग नुसती मऊ शांतता.

मग मी रात्री जागून वाचलं. फोनमधून तसाही सगळा आवाज जात नाही, जुन्या काळापासून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी फोन नेतो, माणसाचं बोलणं कळायला तेवढी पुरते. मोटरीची मूळ घूं १०० हर्ट्झची, ती त्यात बसतच नाही, आत्या इतकी वर्षं ऐकत होती ते त्या घूंचे वरचे सूर. तेवढ्यावर तिचं भागत होतं. नव्या फोनमध्ये मात्र आवाज नेण्याच्या निरनिराळ्या पद्धती असतात, त्यांना कोडेक म्हणतात. जी.७११ मध्ये सेकंदाला ८००० वेळा आवाज मोजला जातो आणि ६४ केबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिटनं, जवळजवळ जसाच्या तसा पुढे जातो. जी.७२९ मध्ये तोच आवाज ८ केबीपीएसमध्ये कोंबतात, आणि ते जमतं कारण तो कोडेक माणसाच्या गळ्याच्या हिशेबानंच बांधलेला आहे, समोर बोलणारा माणूस आहे असं धरूनच तो काम करतो. बेअरिंगची करकर त्याच्या हिशेबात नाही. त्यात भर म्हणून फोनमध्ये नॉइज रिडक्शन चालू, जे सतत एकसारखा येणारा आवाज दिसला की त्याला कचरा समजून पुसतं, आणि सायलेन्स सप्रेशन चालू, म्हणजे कुणी बोलत नसलं की पाठवायचंच थांबायचं. एकसारखा येणारा, कुणी बोलत नसताना येणारा आवाज. आत्याला हवा होता तो नेमका तोच.

त्या पोरानं काही चूक केली होती असं नाही. ऑफिसात हेच सेटिंग उत्तम. त्याला आम्ही सांगितलंच नव्हतं की आमच्याकडे फोन कशासाठी लागतो, आणि आम्हालाही ते सांगण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं. आम्ही त्याला किती फोन, किती लाईनी, एवढंच सांगितलं. मी त्याला पुन्हा बोलावलं, आत्याच्या शेजारी बसवलं, रजिस्टर उघडून दाखवलं. तो हुक्केरीकडचा, घरी शेती, त्याचे डोळेच चमकले. म्हणाला, "अव्वा, हेळ्री (सांगा), काय काय ऐकू यायला पाहिजे?" आणि मग दुपारभर तो आणि आत्या, कन्नड मराठी मिसळून. जी.७२९ काढून सगळीकडे जी.७११ केलं, एका कॉलला हेडर, म्हणजे आवाजाच्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता, धरून ऐंशी-नव्वद केबीपीएस लागतात, आमच्या फायबरला ते काहीच नाही. नॉइज रिडक्शन बंद, सायलेन्स सप्रेशन बंद. मागे मामांनी मुद्दाम एक फेज काढून मोटर क्षणभर लावली, मी मोबाईल तिच्याजवळ धरला, आणि पुढे काउंटरवरून आत्याचा आवाज आला, "बंद करा, बंद करा!"

पूर्ण पहिल्यासारखं झालेलं नाही, हेही सांगायला हवं. आता जवळपास सगळे मोबाईलवरून करतात आणि मोबाईलमध्येच थोडं कापलं जातं, नवे महागडे फोन तर जास्तच कापतात, ते आपल्या हातात नाही. आपल्या बाजूला दुसऱ्यांदा कापलं जाऊ नये एवढंच बघता येतं. आत्या आता आधी विचारते की साधा बटणाचा फोन घरात कुणाकडे आहे का, असेल तर त्याच्यावरून लावा. आणि सबमर्सिबल असेल, शेकडो फूट खाली, तर आवाज कुठला यायला, तिथं पॅनेलवरचा अँपिअरचा काटा किती दाखवतोय ते ती पहिल्यापासूनच विचारत आलेय.

एक गोष्ट राहिली, भाषेची. एक्स्चेंजबरोबर तयार स्वागत-संदेश आला होता, कन्नड, हिंदी, इंग्रजी. मराठीचं नंतर बघू म्हणाले. आमच्याकडे मराठीचं 'नंतर बघू' लहानपणापासून ऐकलेलं आहे, ते कुठं दुखतं हे सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. मी हट्टानं म्हटलं, मराठीसाठी १ दाबा, पहिलं मराठीच. आत्या म्हणाली, "आणि बैलहोंगलचा माणूस? त्याची मोटर जळूलीय, तो तुझं मराठी संपेपर्यंत थांबून ऐकूंदे?" मला राग आला होता, खरं सांगायचं तर. पण ती इतकी वर्षं फोन उचलते तो 'नमस्कार' म्हणूनच, आणि नमस्कार दोन्हीकडे नमस्कारच आहे. पुढचा 'मोटर सुट्टैत्री' म्हणाला की ती कन्नडमध्ये, 'मोटर जळली ओ' म्हणाला की मराठीत, कोकणीही येते तिला कामापुरती. शेवटी संदेशच काढून टाकला. आकडे दाबणं नाही, संगीत नाही. चारही फोन एकदम वाजतात, जो जवळ असेल तो उचलतो आणि नमस्कार म्हणतो. मराठी पाटीवर आहे, बिलावर आहे, रजिस्टरात आहे, आणि तिथून ती मी हलू देणार नाही.

रजिस्टरं आता आम्ही रोज संध्याकाळी थोडी थोडी एक्स्चेंजच्या फोनबुकात भरतोय. आत्या वाचते, मी टाइप करते: नाव, कोड, एचपी, फूट. फोन वाजला की स्क्रीनवर 'गडहिंग्लज, ५ एचपी, विहीर' असं येतं. काही नावांशी ती थांबते, म्हणते हा गेला, आता मुलगा बघतो, नाव बदल. काहींच्या बाबतीत म्हणते राहूदे. सातव्या रजिस्टरापर्यंत आलोय.

परवा असंच भरत बसलो होतो, दुकान बंद करायची वेळ झालेली, आणि फोन वाजला. स्क्रीनवर नाव नव्हतं, नुसता मोबाईल नंबर. तरणा आवाज होता, म्हणाला बाबांनी हा नंबर पॅनेलच्या दारामागे लिहून ठेवलाय, तुम्ही मोटरीवाले ना. आत्यानं गाव विचारलं, चंदगडकडचं निघालं. बाबांचं नाव विचारलं आणि मला बोटानं खूण केली, चौथं रजिस्टर. मी पान शोधेपर्यंत ती त्याला म्हणत होती, "घाबरू नको रे, आहे तुमची मोटर आमच्याकडे लिहिलेली. आता काय कर, फोन जरा मोटरीजवळ धर." डोळे मिटले. मी हातातलं पान तसंच धरून राहिले, मागे मामांनी वार्निशचा ब्रश खाली ठेवला.

"बेअरिंग," ती म्हणाली. "पंपाच्या बाजूचं. आज चालव पाणी होईपर्यंत, खरं उद्या घेऊन ये."